पेन्शन आहे, मग विमा कशाला?

फौजेतून पेन्शनीवर आलेला माणूस म्हटलं की अनेकांना पांढऱ्या मिशांचे सुभेदार आठवतात. सातारा, सांगली, कोल्हापूरच्या गावांत घरी परतणारे बरेच जवान मात्र चाळिशीच्या आसपासचे असतात. जवानाला पेन्शनसाठी १५ वर्षांची नोकरी पुरते. त्यामुळे अठरा-एकोणिसाव्या वर्षी भरती झालेला मुलगा पस्तिशी-चाळिशीत माजी सैनिक होतो. तेव्हा मुलं शाळेत असतात, घराचं बांधकाम अर्धवट असतं आणि आई-वडील थकत चाललेले असतात. नेमक्या त्याच दिवसांत फौजेने दिलेलं मोठं विमाकवच संपतं आणि ग्रॅच्युइटी, कम्युटेशन (पेन्शनचा काही भाग विकून एकरकमी मिळणारे पैसे), फंड मिळून लाखांची रक्कम एकदम खात्यात जमा होते. कवच संपल्याचं घरात कुणाच्या लक्षात येत नाही. रक्कम जमा झाल्याचं विमा विकणाऱ्यांच्या मात्र बरोबर लक्षात येतं. त्यानंतर ओसरीवर जी चर्चा होते, तिच्यातल्या काही ठाम समजुती एकेक करून तपासायला हव्यात.

“एजीआय आहे ना, ते आयुष्यभर चालतं”

आर्मी ग्रुप इन्शुरन्स (एजीआय) फंड १९७६ साली सुरू झाला. भरती होताच जवान त्याचा सभासद होतो आणि पगारातून दरमहा वर्गणी कापली जाते. नौदल आणि हवाई दल यांच्याही अशाच स्वतंत्र संस्था आहेत. नोकरीत असताना हे कवच भक्कम असतं, पण ते नोकरीबरोबरच संपतं. निवृत्तीच्या वेळी हाती येते ती बचतीच्या हिश्शाची रक्कम. ती विम्याची भरपाई नव्हे, आपलेच साठलेले पैसे असतात.

त्याच वेळी त्यातून एकदाच वर्गणी कापून निवृत्तीनंतरचा वाढीव विमा दिला जातो. गैरसमजाचं मूळ इथेच आहे. हा विमा खरा आहे, उपयोगाचाही आहे. मात्र नोकरीतल्या कवचापुढे त्याची रक्कम अगदी लहान असते आणि त्याला वयाची व वर्षांची मर्यादा असते. तुमच्या प्रमाणपत्रावर रक्कम आणि शेवटची तारीख छापलेली असते. डिस्चार्ज बुकाच्या पिशवीतून तो कागद काढून एकदा वाचावा आणि पत्नीलाही वाचायला द्यावा. घरात कुणाला ठाऊकच नसलेल्या विम्याचा दावा कोण करणार?

“माझ्यामागे बायकोला पेन्शन मिळणारच आहे”

मिळणारच आहे. किती मिळेल, ते मात्र फार थोडे लोक मांडून पाहतात.

समजा, एक हवालदार ३९व्या वर्षी पेन्शनीवर आला. शेवटचं हिशेबी वेतन ४०,००० रुपये, म्हणून मूळ पेन्शन २०,०००. त्यातली निम्मी त्याने कम्युट केली, म्हणजे हाती येते १०,००० आणि वर महागाई सवलत. ही सवलत पूर्ण मूळ पेन्शनवर मोजतात. गावी आल्यावर त्याने बँकेत गार्डची नोकरी धरली, पगार २५,०००. घराचं कर्ज १५ लाख. मुलं ९ आणि १२ वर्षांची.

हा माणूस ४३व्या वर्षी गेला तर काय होईल? सर्वसाधारण कुटुंब निवृत्तिवेतन सुरुवातीला वाढीव दराने, म्हणजे वेतनाच्या ५० टक्के मिळतं. ते मृत्यूनंतर ७ वर्षं किंवा तो ६७ वर्षांचा झाला असता तोवर, यांपैकी जे आधी येईल तेवढा काळ चालतं. पुढे दर ३० टक्क्यांवर येतो. म्हणजे पहिली सात वर्षं २०,००० आणि नंतर १२,०००, दोन्हींवर महागाई सवलत वेगळी. कम्युटेशनची कपात कुटुंब निवृत्तिवेतनाला लागत नाही. त्यामुळे पहिल्या सात वर्षांत पत्नीला मिळणारी रक्कम नवऱ्याच्या हाती येत होती त्याहून जास्तही असू शकते. “पेन्शन विकली म्हणजे बायकोचं नुकसान” ही आणखी एक चुकीची समजूत.

मग घराचं नुकसान कुठे झालं? गार्डच्या पगारात. महिना २५,००० म्हणजे वर्षाला ३ लाख. साठीपर्यंतची साधारण सोळा-सतरा वर्षं धरली तर, महागाई बाजूला ठेवूनही, हे उत्पन्न पन्नास लाखांच्या घरात जातं. त्यात कर्जाचे १५ लाख मिळवा आणि हाताशी असलेली बचत व एजीआयचा वाढीव विमा वजा करा. पन्नासेक लाखांच्या विम्याची गरज उरते, तीही साठीपर्यंतच. माजी सैनिकाने विमा पेन्शनकडे बघून ठरवायचा नसतो. दुसऱ्या नोकरीचा पगार, कर्ज आणि मुलांचं शिक्षण यांकडे बघून तो ठरवायचा असतो. हे एवढं गणित कागदावर मांडलं की अर्धे एजंट आपोआप उठून जातात.

“टर्म प्लॅनमध्ये पैसे बुडतात, परत मिळेल अशी पॉलिसी घ्यावी”

मराठी घरांत हा युक्तिवाद फार जुना आहे आणि त्याचं खूप नुकसान झालं आहे. टर्म विमा म्हणजे निव्वळ जोखमीचा विमा. मुदतीत मृत्यू झाला तर पूर्ण रक्कम, नाही तर काही नाही. निरोगी, तंबाखू-सिगारेट न घेणाऱ्या चाळिशीच्या माणसाला साठीपर्यंतचा ५० लाखांचा असा विमा वर्षाला साधारण दहा-पंधरा हजारांच्या आसपास पडतो. कंपनीप्रमाणे आणि तब्येतीप्रमाणे आकडा कमी-जास्त होतो. २२ सप्टेंबर २०२५पासून वैयक्तिक आयुर्विम्याच्या हप्त्यावर जीएसटीही लागत नाही.

आता “परत मिळणारी” एन्डोमेंट किंवा मनीबॅक पॉलिसी पाहा. तिथे विमा रक्कम बहुधा वार्षिक हप्त्याच्या दहापटीच्या आसपास असते. म्हणजे वर उल्लेख केलेल्या हवालदाराला ५० लाखांचं कवच हवं तर वर्षाला पाचेक लाख भरावे लागतील. तेवढे तो भरू शकत नाही, म्हणून ५० हजारांचा हप्ता घेतो आणि ५ लाखांच्या विम्यावर समाधान मानतो. परताव्याचं म्हणाल तर अशा पॉलिसींचा परतावा बहुधा बँकेच्या ठेवीच्या आगेमागेच राहतो. गाडीचा विमा काढून वर्षभरात अपघात झाला नाही म्हणून कुणी हळहळत नाही. स्वतःच्या विम्याच्या बाबतीत मात्र “आपण मेलो नाही, पैसे फुकट गेले” असं आपण सहज म्हणतो.

सगळ्यात जपायचं ते एकरकमी हप्त्याच्या पॉलिसीपासून. निवृत्तीचे पैसे खात्यात पडले की “दहा लाख एकदाच भरा, एफडीसारखंच आहे, वर विमा फुकट” असं सांगणारा कुणीतरी भेटतो. अशा पॉलिसीत मृत्यूनंतरचं कवच भरलेल्या रकमेच्या सव्वापट, म्हणजे साडेबारा लाख एवढंच असू शकतं. विमा रक्कम हप्त्याच्या दहापट नसेल तर मुदतीअखेर मिळणाऱ्या रकमेवर प्राप्तिकरही लागतो. मृत्यूनंतर वारसाला मिळणारी रक्कम तेवढी करमुक्त राहते. याहून वाईट प्रकार म्हणजे एकदाच भरायचे असं सांगून दरवर्षी हप्ता असलेली पॉलिसी गळ्यात मारणं. हे पुढच्या वर्षी मागणीपत्र आल्यावर कळतं. पॉलिसी हाती आल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते आणि किरकोळ कपात वगळता पैसे मिळतात. म्हणून कागद आला त्याच आठवड्यात “हप्ता किती वर्षं भरायचा” ही एक ओळ तरी वाचा.

“ही पॉलिसी खास माजी सैनिकांसाठी, सरकारनेच काढली आहे” असं कुणी सांगितलं तर जरा थांबा. एजीआय कुणी दारोदार विकत नाही. विमा नियामक आयआरडीएआय स्वतः पॉलिसी विकत नाही आणि बोनस वाटण्यासाठी फोनही करत नाही. विकणारा स्वतः माजी सुभेदार असला तरी त्याने आणलेला कागद बदलत नाही. फौजी माणूस आपल्या माणसावर पटकन विश्वास टाकतो. तो गुण चांगला आहे, पण विक्री करणाऱ्यांनाही तो माहीत असतो.

टपाल जीवन विम्याबद्दल मात्र एक गोष्ट त्याच्या बाजूने सांगायला हवी. १ फेब्रुवारी १८८४ला सुरू झालेली ही योजना सैनिकांत लोकप्रिय आहे. नोकरीत घेतलेली पॉलिसी निवृत्तीनंतर आपण हप्ता भरत राहिलो की चालू राहते. घाईने मोडू नका. फक्त तिच्यात निव्वळ टर्म विमा नाही, म्हणून मोठ्या कवचाची गरज ती एकटी भागवत नाही.

“बँकेच्या पेन्शन खात्यावर लाखांचा विमा फुकट आहे”

तो बहुतेक वेळा अपघात विमा असतो. रस्त्यावरच्या अपघातात तो मिळेल, हृदयविकारात नाही. ईसीएचएसही आयुर्विमा नाही. २००३ साली सुरू झालेली ती उपचारांची योजना आहे. प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजनेत मात्र वर्षाला ४३६ रुपयांत कोणत्याही कारणाने झालेल्या मृत्यूवर २ लाख मिळतात. वयाच्या ५०पर्यंत तिच्यात नाव घालता येतं, कवच ५५पर्यंत चालतं. रक्कम लहान आहे, पण एवढ्या पैशांत ती न घेण्याचं कारण दिसत नाही.

“मी लो मेडिकल कॅटेगरीत होतो, मला कोण विमा देणार?”

यातून दोन चुका होतात. काही जण अर्जच करत नाहीत आणि काही जण आजार लपवून अर्ज करतात. दुसरी चूक जास्त महाग पडते.

रक्तदाब, मधुमेह, गुडघा किंवा कानाची जुनी इजा असली की कंपनी हप्ता वाढवते, जास्तीच्या तपासण्या मागते, क्वचित नकार देते. एका कंपनीने नाही म्हटलं म्हणजे सगळ्यांनी म्हटलं असं नसतं. मात्र निवृत्तीच्या वेळच्या मेडिकल बोर्डाच्या कागदात जे लिहिलं आहे, ते अर्जात आलंच पाहिजे. तो कागद सरकारी नोंद आहे, दाव्याच्या चौकशीत बाहेर येतो. कॅन्टीनची रम आणि तंबाखूही लिहा. “कधीमधी” म्हणून सोडून देऊ नका. दुसऱ्या नोकरीत हत्यार घेऊन पहारा द्यावा लागत असेल तर तेही लिहा.

विमा कायदा १९३८ मधलं कलम ४५ प्रत्येक पॉलिसीधारकाच्या घरात माहीत असायला हवं. पॉलिसी सुरू होऊन तीन वर्षं झाली की कंपनीला कोणत्याही कारणाने तिच्यावर बोट ठेवता येत नाही. त्याआधी मृत्यू झाला आणि महत्त्वाची माहिती दडवल्याचं दिसलं, तर दावा नाकारला जाऊ शकतो. बंद पडलेली पॉलिसी पुन्हा चालू केली की ही तीन वर्षं नव्याने मोजतात.

“आता नको, साठी झाल्यावर बघू”

इथे मी विमा विकणाऱ्यांच्या अगदी विरुद्ध बोलणार आहे. साठीनंतर, मुलं कमावती झाली, कर्ज फिटलं आणि दुसरी नोकरीही संपली की बहुतेक माजी सैनिकांना आयुर्विम्याची गरज उरत नाही. ९९ वर्षांपर्यंतचं कवच ऐकायला छान वाटतं, पण त्याचा हप्ता भारी असतो आणि तुमच्या जाण्याने थांबणारं कमाईचं उत्पन्न तोवर राहिलेलंच नसतं.

एक खड्डा मात्र राहतो. पेन्शनर ६७ वर्षांनंतर गेला तर वाढीव दराचा काळ मिळतच नाही. पत्नीला थेट ३० टक्के. २०,००० मूळ पेन्शनचे दुसऱ्याच महिन्यात १२,००० होतात. याला उतारा म्हणून विमा घेऊ नका, पत्नीच्या नावावर सुरक्षित बचत ठेवा. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत इतरांना साधारणपणे साठीची अट आहे, पण संरक्षण दलातून निवृत्त झालेल्यांना काही अटींवर ५०व्या वर्षीच खातं उघडता येतं. हे फारसं कुणी सांगत नाही, कारण त्यावर तगडं कमिशन नाही.

अग्निवीराचं गणित निराळं

वरच्या हिशेबात पेन्शन गृहीत होती. २०२२च्या योजनेतून आलेल्या अग्निवीराला सेवेत असताना ४८ लाखांचं विनावर्गणी कवच असतं. चार वर्षं संपून तो बाहेर पडला की ते थांबतं. सेवानिधीचे सुमारे ११.७१ लाख मिळतात, पण पेन्शन नाही आणि म्हणून कुटुंब निवृत्तिवेतनही नाही. पहिल्या तुकडीची चार वर्षं २०२६च्या अखेरीपासून भरू लागतात. बाविशी-पंचविशीतला हा मुलगा अविवाहित असेल आणि घरात कुणी त्याच्या कमाईवर अवलंबून नसेल, तर घाई नाही. आई-वडिलांचं घर त्याच्यावर चालत असेल तर नवी नोकरी लागताच टर्म विमा घ्यावा. या वयात तो सगळ्यात स्वस्त मिळतो. सेवानिधीची रक्कम मात्र एन्डोमेंटमध्ये अडकवू नये.

“नॉमिनी लावला की झालं”

पत्नी, मुलं किंवा आई-वडील नॉमिनी असतील तर २०१५च्या दुरुस्तीनंतर रक्कम त्यांच्याच हक्काची मानली जाते. पण गावी येऊन ट्रॅक्टर, पोल्ट्री, दुकान यांसाठी कर्ज काढलं असेल तर आणखी एक तरतूद वापरावी. विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचा १८७४चा कायदा आहे. त्याच्या कलम ६ खाली घेतलेली पॉलिसी पत्नी आणि मुलांसाठीचा विश्वस्तनिधी ठरते आणि देणेकऱ्यांना तिला हात लावता येत नाही. त्यासाठी पॉलिसी घेतानाच एक फॉर्म भरावा लागतो, नंतर ते जमत नाही. पत्नीचं नाव आणि जन्मतारीख पेन्शनच्या पीपीओवर, आधारवर आणि पॉलिसीवर एकसारखी आहे का, हेही बघून घ्यावं. युनिटच्या पार्ट टू ऑर्डरमध्ये लग्नाची नोंद चुकीची झाली असेल तर ती माणूस जिवंत असताना सुधारणं सोपं जातं. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात या कामी मदत मिळते.

दावा नाकारला गेलाच तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करायची. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येतं. महाराष्ट्रात मुंबई आणि पुणे इथे ही कार्यालयं आहेत. कंपनीच्या नकारानंतर एका वर्षाच्या आत अर्ज करायचा. फी नाही, वकील लावावा लागत नाही आणि ५० लाखांपर्यंतचे दावे तिथे चालतात.