चाक बोलतं, आपण ऐकायचं

गेल्या काही वर्षांत बऱ्याच गटांनी मिळून गाडी घेतली. कुणाची व्हॅन, कुणाचा छोटा टेम्पो. पापड, डाळी, भाजी बाजारात जाते आणि येताना बाळंतीण, म्हातारी माणसं बसून येतात. गाडी आपल्या नावावर, हप्ता आपण भरतो, पण तिच्यातून आवाज आला की आपण म्हणतो, “ते ड्रायव्हरदादा बघतील.”

आमच्याही गटात असंच झालं. स्ट्रॉबेरीचे ट्रे भरून आम्ही पाचगणीहून पसरणी घाट उतरत होतो. ब्रेक दाबला की पुढून घर्र, घर्र. मी म्हटलं, “दादा, आवाज कसला?” ते म्हणाले, “जुनी गाडी आहे ताई, बोलणारच,” आणि त्यांनी रेडिओ मोठा केला. वाईला मेस्त्रींनी चाक खोललं. ब्रेकचे पॅड पार संपले होते, लोखंड लोखंडावर घासत होतं आणि डिस्कवर नांगरासारख्या रेघा पडल्या होत्या. त्याआधी तीन आठवडे तीच गाडी ब्रेक दाबला की चीं चीं करत होती. आम्ही हसत होतो, “हिला सर्दी झालीय.” तेव्हा पॅड बदलले असते तर काम थोडक्यात भागलं असतं. आता पॅड गेले, दोन डिस्क गेल्या, आणि घाटात जीव वाचला हे नशीब. त्या दिवसापासून मी आवाज ऐकायला शिकले. तेच आज सांगते.

आधी ब्रेक कसा लागतो ते पाहू. बहुतेक लहान गाड्यांना पुढच्या चाकांत लोखंडी चकती असते, ती डिस्क. तिला दोन्ही बाजूंनी पॅड चिमटीसारखे धरतात. मागच्या चाकांत डब्यासारखा ड्रम असतो, त्याला आतून लायनर घासतात. पॅड आणि लायनर हे झिजण्यासाठीच असतात, पाटा-वरवंटा झिजतो तसे. पुष्कळ पॅडना पत्र्याची लहान जीभ असते. पॅड दोन-तीन मिलिमीटर उरला की ती डिस्कला टेकते आणि चीं चीं वाजते. ती मुद्दाम ठेवलेली घंटा आहे. ती वाजली की त्याच आठवड्यात गाडी दाखवायची. तीच घंटा ऐकली नाही तर पुढे घर्र घर्र येतं. तेव्हा गाडी भरून घाटात न्यायचीच नाही.

पण प्रत्येक आवाज म्हणजे बिघाड नव्हे. रात्री पाऊस पडला, गाडी उघड्यावर उभी राहिली, की डिस्कवर गंजाचा पातळ थर येतो. सकाळी पहिले दोन-चार ब्रेक खरखरतात आणि आवाज थांबतो. त्याची काळजी नको. कच्च्या रस्त्यावरून आल्यावर एकाएकी कर्कश चर्रर्र सुरू झालं, तर बहुधा डिस्क आणि तिच्यामागच्या पत्र्याच्या मध्ये खडा अडकलेला असतो. मोकळ्या जागी गाडी थोडी मागे-पुढे घेतली की कधी कधी तो पडून जातो. नाही पडला तर मेस्त्रीकडे.

आता चाकाचे आवाज. गाडीचा वेग वाढेल तशी टक टक भराभर होते आणि गाडी थांबली की थांबते, तेव्हा आधी टायर पाहा. खाचेत खडा नाहीतर खिळा रुतलेला असतो. खडा काढा, खिळा दिसला तर तिथे उपटू नका, हवा जाईल. पंक्चरवाल्याकडे न्या.

वेगाबरोबर वाढत जाणारी घूंऽऽ अशी गुणगुण, जात्याच्या घरघरीसारखी, ही बेअरिंगची शंका. टायरचाही असा आवाज येतो. पण तो रस्ता बदलला की बदलतो, बेअरिंगचा फारसा बदलत नाही. वळणावर भार बाहेरच्या चाकावर येतो. म्हणून उजवीकडे वळताना गुणगुण वाढली, तर बहुधा डावीकडचं बेअरिंग. हे मेस्त्रींना सांगितलंत तर त्यांचाही वेळ वाचतो.

सगळ्यांत घाबरायचा आवाज म्हणजे हळू चालतानाही येणारी खडखड, आणि त्याबरोबर चाक डगमगल्यासारखं वाटणं. पंक्चर काढून चाक नुकतंच बसवलं असेल, तर नट सैल असू शकतात. लगेच बाजूला थांबा, नट पाहा. नट समोरासमोरचे आवळायचे, एका ओळीने नाही. आणि चाक बदलल्यावर पन्नास ते शंभर किलोमीटरनंतर पुन्हा एकदा पाना लावून बघायचा.

कान आहेत तसं नाकही आहे. घाट नसताना एकाच चाकातून जळका वास आला, ते चाक इतरांपेक्षा जास्त तापलं, तर ब्रेक चिकटून राहिलाय किंवा हँडब्रेक ओढलेलाच आहे. चाकाला हात लावू नका, भाजेल. जवळ नेला तरी धग कळते. घाट उतरताना ज्या गिअरमध्ये चढतो साधारण त्याच खालच्या गिअरमध्ये उतरायचं. सारखा ब्रेक दाबून ठेवला की तो तापतो आणि धरेनासा होतो. वास आला की सुरक्षित जागी थांबून गार होऊ द्या. तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नका, ती वाकडी होते, तडकते.

आणखी एक. आवाज बंद व्हावा म्हणून पॅडला, लायनरला तेल किंवा ग्रीस कधीही लावू देऊ नका. आवाज जाईल, पण ब्रेकही जाईल. ब्रेक ऑईलची बाटली महिन्यातून एकदा पाहा. पातळी खालच्या रेघेपाशी आली असेल, तर नुसतं भरून मोकळं होऊ नका. पॅड झिजलेत किंवा कुठे गळतंय, ते विचारा.

मेस्त्रींकडे जाताना चार गोष्टी लिहून न्या: आवाज कसा, कोणत्या बाजूने, कधी येतो, आणि ब्रेक दाबल्यावर किंवा वळल्यावर वाढतो की थांबतो. जुने पॅड परत मागा, डोळ्यांनी पाहा, आणि खर्चासोबत तारीख गटाच्या वहीत लिहा.

आम्ही आता एक नियम केलाय. बाजाराला निघताना पहिला किलोमीटर रेडिओ बंद, काचा खाली आणि सगळ्या गप्प. हो, आमचा रेडिओसुद्धा बंद ठेवा, मला राग येणार नाही. गाडीचं ऐकून झालं की मग आमचं ऐका. नमस्कार.