पहिल्या क्रमांकाची हमी

धंद्याची वेबसाइट सुरू झाली, की थोड्याच दिवसांत मालकाला फोन आणि ई-मेल येऊ लागतात. 'तुमची साइट गूगलवर दिसत नाही. तीन महिन्यांत पहिल्या नंबरावर आणून देतो, हमी!' हे काम करणाऱ्यांना एसईओ कंपन्या म्हणतात. एसईओ म्हणजे सर्च इंजिन ऑप्टिमायझेशन. सोप्या भाषेत सांगायचं, तर शोधणाऱ्याला आपलं पान वरच्या बाजूला सापडावं म्हणून केलेली मेहनत. काम खरं आहे, गरजेचंही आहे. प्रश्न एवढाच, की ते सोपवायचं कुणाकडे?

मी कवी माणूस, बी.ए.पर्यंत शिकलेला. पण माझ्या भाच्याचा घरगुती मसाल्यांचा व्यवसाय आहे. त्याच्यासोबत अशा तीन-चार कंपन्यांशी बोलणं झालं. कंपनी निवडायला संगणकतज्ज्ञ असावं लागत नाही, हे तेव्हा पटलं.

आधी या यंत्राचं काम समजून घेऊ. गूगलचे प्रोग्रॅम इंटरनेटवरची पानं सतत वाचत असतात आणि त्यांची सूची ठेवतात. आपण काही शोधलं, की त्या सूचीतली जुळणारी पानं क्रम लावून समोर येतात. पानावर काय लिहिलंय, ते कितपत उपयोगी आहे, मोबाइलवर नीट उघडतं का, असं पुष्कळ काही त्यात पाहिलं जातं. लॅरी पेज आणि सर्गे ब्रिन यांनी १९९८ साली गूगल कंपनी काढली, तेव्हापासून आणखी एक कसोटी आहे. दुसऱ्या कोणकोणत्या साइट तुमच्या पानाकडे बोट दाखवतात, म्हणजेच लिंक देतात? मुशायऱ्यात जाणकाराची दाद मिळावी, तसं हे आहे.

मात्र दाद भाड्यानेही आणता येते. अमेरिकेतल्या जे. सी. पेनी या मोठ्या दुकानसाखळीच्या बाबतीत हेच घडलं. तिचा काही संबंध नाही अशा हजारो पानांवर तिच्या लिंक पेरलेल्या होत्या. फेब्रुवारी २०११ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'ने हे उघड केलं आणि गूगलने तिला शोधनिकालांत खाली ढकललं. आपण याला परवानगी दिली नव्हती, असं सांगून पेनीने आपल्या सल्लागार कंपनीला काढून टाकलं. त्याआधी, २००६ साली, बीएमडब्ल्यूची जर्मन साइट गूगलने सूचीतूनच काही दिवस वगळली होती. यंत्राला शब्दांनी ठासलेलं एक पान आणि माणसाला दुसरंच पान, असा तो प्रकार होता. चलाखी कुणीही करो, शिक्षा साइटच्या मालकाला होते. बीएमडब्ल्यू त्यातून सावरली. छोट्या दुकानाचे ऐन दिवाळीतले चार आठवडे बुडाले, तर वर्षाचा हिशेब कोलमडतो.

म्हणूनच हमी हीच पहिली धोक्याची खूण समजा. पहिल्या क्रमांकाची हमी कुणीही देऊ शकत नाही, असं गूगल स्वतःच सांगतं. शिवाय तोच शब्द पुण्यात आणि नागपुरात शोधला, तर निकाल वेगळे दिसू शकतात. मग पहिला नंबर कुणाच्या मोबाइलवर? काही जण जाहिरातीची जागा विकत घेतात आणि तिलाच पहिला नंबर म्हणतात. जाहिरात देण्यात गैर काही नाही. पण पैसे थांबले, की ती जागा जाते आणि जाहिरात दिल्याने खालच्या मूळ निकालांतला क्रम वाढत नाही. तेव्हा आपले किती पैसे जाहिरातीला आणि किती साइटच्या कामाला, हे वेगळं लिहून घ्या.

आता शब्दांकडे येऊ. भाच्याच्या साइटवर 'उत्कृष्ट भारतीय मसाला मिश्रण' असं लिहिलेलं होतं. असं कोण शोधतं? पुण्याचं गिऱ्हाईक 'गोडा मसाला' म्हणतं, कोल्हापूरचं 'कांदा-लसूण मसाला', मराठवाड्यातलं 'येसर'. परदेशातली मराठी मंडळी हेच शब्द रोमन लिपीत, नाना तऱ्हेच्या स्पेलिंगांनी लिहितात. चांगली कंपनी पहिल्या भेटीतच विचारते, तुमचं गिऱ्हाईक कोण, ते काय मागतं, माल कुठवर पाठवता? यातलं काही न विचारता थेट दरपत्रक पुढे करणाऱ्याला चहा पाजून निरोप द्यावा.

तुम्हीही प्रश्न विचारा. आधी कुणाचं काम केलंत? त्यांच्याशी फोनवर बोलू का? साइटमध्ये नेमकं काय बदलणार आणि का? लिंक कुठून आणणार? 'ते आमचं गुपित आहे' असं उत्तर आलं, तर उठावं. फळ दिसायला साधारण चार महिने ते एक वर्ष लागतं, असं गूगलचं मार्गदर्शन आहे. आठवड्याची बोली करणाऱ्यापासून सावध राहा. आधी फक्त तपासणी करून अहवाल मागवा आणि त्यासाठी साइटची माहिती पाहण्यापुरतीच परवानगी द्या. एआयच्या उत्तरांत तुमचं नाव आणून देतो, असंही हल्ली सांगतात. त्यांनाही हेच प्रश्न विचारावेत.

सर्वांत महत्त्वाचं म्हणजे किल्ल्या आपल्याकडे ठेवा. डोमेन नेम, म्हणजे साइटचा पत्ता, आपल्याच नावावर हवा. गूगलचं सर्च कन्सोल आणि नकाशावर दुकान दाखवणारं बिझनेस प्रोफाइल ही खाती आपल्या ई-मेलवर हवीत. दोन्ही फुकट मिळतात. फक्त गावातल्या गिऱ्हाइकावर चालणाऱ्या दुकानाला सुरुवातीला नीट भरलेलं प्रोफाइलही पुरेसं होतं. माझ्या एका परिचिताचं डोमेन कंपनीने स्वतःच्या नावावर घेतलं होतं. करार मोडला आणि खोक्यांवर, पावत्यांवर वर्षानुवर्षं छापलेला पत्ता त्याच्या हातून गेला.

आणि दर महिन्याला अहवाल येईल, त्यात आलेखांची रंगीत चित्रं असतील. ती पाहा, पण शेजारी आपली वही उघडून ठेवा. साइट पाहून किती फोन आले, किती मागण्या आल्या, किती माल गेला? भाच्याने शेवटी ज्या कंपनीला काम दिलं, तिने हमी दिली नाही. तिने आधी मसाल्यांची नावं विचारून घेतली.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)