सापाचे विष, रक्तदाबाची गोळी आणि कोरडा खोकला

रक्तदाबासाठी रामिप्रिल किंवा एनालाप्रिल सुरू केल्यावर काही जणांच्या घशात सतत खवखव होते, कोरडा खोकला लागतो. कफ सिरपच्या बाटल्या संपतात, खोकला हटत नाही. कारण तो सर्दीचा नसतोच.

मूळ कथा ब्राझीलची. जराराका सापाच्या विषामुळे रक्तातील प्रथिनापासून एक पदार्थ सुटतो, हे 1949 मध्ये रोशा इ सिल्वा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले. तो पदार्थ ब्रॅडिकायनिन. अवघ्या नऊ अमिनो आम्लांची ही साखळी, पण करामती अनेक. रक्तवाहिन्या सैलावतात, त्यांच्या भिंतींतून द्रव पाझरून सूज येते आणि वेदनेच्या मज्जातंतूंची टोके चेतवली जातात. ही टोके मग स्वतःच ‘सबस्टन्स पी’सारखी न्यूरोपेप्टाइड्स सोडतात; म्हणजे दुखण्याची वर्दी देणारेच सूज वाढवतात! श्वासनलिकेत हे घडले की खोकला येतो. दमेकऱ्याची नलिका तर आवळतेही.

एरवी एसीई नावाचे एन्झाइम ब्रॅडिकायनिन आणि सबस्टन्स पी या दोघांचाही निचरा करते. पुढे सेर्जिओ फेरेरा यांना त्याच विषात ब्रॅडिकायनिनचा प्रभाव वाढवणारे घटक सापडले आणि त्या धाग्यावरून एसीईला रोखणारे कॅप्टोप्रिल तयार झाले. रामिप्रिल आणि एनालाप्रिल याच गटातली. या गोळ्यांनी रक्तदाब उतरतो, पण श्वसनमार्गात ब्रॅडिकायनिन साचते. या खोकल्याचे बहुमान्य स्पष्टीकरण हेच.

असा खोकला असेल तर गोळी परस्पर बंद करू नका. डॉक्टरांना सांगा, ते टेल्मिसार्टनसारखा पर्याय देऊ शकतात. ओठ किंवा जीभ सुजली, तर मात्र थेट रुग्णालय गाठा.