गंज, गेरू आणि शेंदूर : बागेतल्या जुन्या दिव्याची दुरुस्ती

समजा, मुळशी तालुक्यातल्या एखाद्या शाळेच्या बागेत एक जुना दिवा उभा आहे. खांब बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा. वरची कंदिलासारखी पेटी पत्र्याची. हिरवा रंग जागोजागी फुगला आहे, पोपडे सुटले आहेत, आत तांबूस गंज दिसतो आहे. कार्यानुभवाच्या तासाला मुलांच्या हाती पॉलिश पेपर द्यावा, दिवा खरवडून घ्यावा आणि वर नवा रंग मारावा, असे कोणाही शिक्षकाच्या मनात येईल. कल्पना चांगली आहे. पण त्यातले खरवडणे धोक्याचे आहे आणि नुसते वरून रंगवणे फुकट जाणारे आहे. असे का, हे समजण्यासाठी आधी गंज आणि रंग या दोहोंची ओळख करून घेऊ.

एका थेंबातला प्रयोग

पुण्यात वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पाऊस पडतो. तेथून सुमारे ५० किलोमीटरवर, ताम्हिणीच्या बाजूला, त्याच्या कित्येक पट पडतो. याच पावसाच्या भरवशावर १९२० च्या दशकात मुळशीचे धरण बांधले गेले. अशा ठिकाणी चार महिने लोखंड कोरडे होतच नाही. लोखंड गंजायला पाणी आणि ऑक्सिजन दोन्ही लागतात, हे आपण शिकवतोच. पण गंज नेमका रंगाखाली, जिथे हवा कमी पोहोचते तिथे, का पसरतो?

याचे उत्तर केंब्रिजच्या युलिक इव्हान्स यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या एका सोप्या प्रयोगात मिळते. मिठाच्या पाण्यात फिनॉल्फ्थॅलिन आणि पोटॅशियम फेरीसायनाइड यांचे थोडे द्रावण मिसळा. घासून स्वच्छ केलेल्या लोखंडी पत्र्यावर त्याचा एक मोठा थेंब ठेवा. (फेरीसायनाइडमध्ये आम्ल मिसळू देऊ नका.) काही वेळाने थेंबाचा मध्य निळा आणि कडा गुलाबी झालेली दिसेल. निळा रंग सांगतो की येथे लोखंड विरघळते आहे. गुलाबी रंग सांगतो की येथे ऑक्सिजन आणि पाणी यांच्यापासून अल्कली तयार होते आहे. त्यासाठी लागणारे इलेक्ट्रॉन मध्यावरच्या लोखंडाकडून पत्र्यातून वाहत येतात. दोहोंच्या मधल्या पट्ट्यात पुढे तांबूस गंज जमतो.

म्हणजे जिथे ऑक्सिजन कमी, तिथेच लोखंड झिजते. रंगाला बारीक भेग पडली की हेच घडते. भेगेच्या तोंडाशी हवा भरपूर, आत रंगाखाली कमी. म्हणून झीज आतल्या आत सरकते. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, त्यामुळे वरचा रंग उचलला जातो. असा फुगलेला भाग न काढता वरून रंगाचा हात मारला, तर आतले काम चालूच राहते. पुढच्या पावसाळ्यानंतर फुगा पुन्हा दिसतो.

शेंदूर कशासाठी?

जुन्या लोखंडी वस्तूचा रंग जपून खरवडला तर तळाशी अनेकदा नारिंगी थर लागतो. हा थर शेंदराचा असू शकतो. मारुतीला तेलात कालवून लावतात तो पारंपरिक शेंदूर म्हणजे शिशाचे ऑक्साइड. तेच जवसाच्या तेलात घोटून पूल, जहाजे आणि खांब यांना अस्तर म्हणून देत असत. तेलातल्या आम्लांशी शिसे संयोग पावून एक प्रकारचा साबण बनतो आणि तो गंजाची क्रिया रोखून धरतो. अस्तर उत्तमच होते. दोष एवढाच की शिसे विषारी आहे. वरच्या हिरव्या रंगातही ते असू शकते, कारण शिशाच्या क्रोमेटचा पिवळा आणि एक निळा रंग मिसळून जुने हिरवे रंग केले जात.

कोरड्या पॉलिश पेपरने असा रंग घासला की शिशाची धूळ हवेत, हातांवर आणि बागेतल्या मातीत जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार पोटात गेलेल्या शिशापैकी लहान मुलांचे शरीर मोठ्यांच्या चार ते पाच पट शिसे शोषून घेते. त्याचा परिणाम मेंदूच्या वाढीवर होतो आणि रक्तातली त्याची कोणतीही पातळी निर्धोक ठरलेली नाही. भारतात घरगुती आणि सजावटीच्या रंगांत शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त असू नये, हा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगात शिसे आहे असे धरूनच चालावे. म्हणून खरवडण्याचे काम मुलांना देऊ नये. मुलांनी प्रयोग करावेत, नोंदी ठेवाव्यात. खरवडणे मोठ्या माणसाने करावे.

दुरुस्तीचा क्रम

प्रथम वीज बंद करून जाणकाराकडून वायर आणि होल्डर काढून घ्यावेत. मग चुंबक फिरवून पाहावे. चिकटले तर लोखंड. नाही तर पितळ किंवा अॅल्युमिनियम. पितळ आणि लोखंड जिथे एकमेकांना टेकतात तिथे ओल आली की लोखंड लवकर झिजते, म्हणून तो सांधा नीट तपासावा. बीड ठिसूळ असते; गंज पाडण्यासाठी त्यावर हातोडा मारू नये.

खाली प्लॅस्टिक पसरावे. मुले आणि गरोदर स्त्रिया जवळ नसाव्यात. बारीक धूळ अडवणारा मास्क लावावा. पाण्याने ओला करत वॉटर पेपरने आणि तारेच्या ब्रशने सुटलेला रंग व गंज काढावा. घट्ट बसलेला रंग काढण्याचा हट्ट नको. रंग जाळून काढू नये. त्याने शिशाचा धूर होतो. निघालेले पोपडे पिशवीत बंद करावेत, मातीत टाकू नयेत.

खाचाखोचांतला गंज पूर्ण निघत नाही. येथे सह्याद्रीतला हिरडा उपयोगी पडतो. हिरड्यातले टॅनिन गंजातल्या लोखंडाशी संयोग पावून निळसर काळे संयुग बनते. हिरडा आणि हिराकस यांची शाई याच क्रियेने होते. गंजलेल्या खिळ्यावर हिरड्याचा काढा लावून मुलांना हा बदल दाखवता येईल. दुकानात मिळणाऱ्या, गंज काळा करणाऱ्या काही द्रावणांत टॅनिनच असते. मात्र हा काळा थर पुरेसा नाही. त्यावर अस्तर हवेच.

अस्तरासाठी रंगारी ‘रेड ऑक्साइड’ वापरतात. हा शेंदूर नव्हे. हे लोखंडाचे ऑक्साइड, म्हणजे गेरूचे भावंड. मग प्रश्न पडेल : गंजही लोखंडाचे ऑक्साइडच, मग एक राखतो आणि दुसरा खातो, हे कसे? गंजाचा थर सच्छिद्र असतो, ओल धरून ठेवतो. अस्तरातला प्रत्येक कण मात्र राळेत बुडालेला असतो आणि पाण्याची वाट अडवतो. झिंक फॉस्फेटचे अस्तर मिळाले तर त्याहून बरे.

हे काम जानेवारी ते मे या काळात करावे. सकाळचे दव पूर्ण वाळल्यावरच अस्तर द्यावे. धातूचे तापमान दव पडण्याच्या तापमानापेक्षा निदान ३ अंश सेल्सियसने जास्त हवे. साफ केलेले लोखंड दमट हवेत रातोरात तांबूस होते, म्हणून त्याच दिवशी पहिला हात द्यावा. कडा आणि सांधे आधी रंगवावेत, कारण तिथे रंग पातळ बसतो. एका जाड थरापेक्षा दोन पातळ थर चांगले. बुडाशी पाणी निघून जाण्याचे भोक असेल तर ते रंगाने बुजवू नये, आणि खांबाभोवती माती साचू देऊ नये.

एवढे करूनही रंग कायमचा नसतो. पाण्याची वाफ आणि ऑक्सिजन त्यातून हळूहळू जातातच. पावसाळा संपला की मुलांनी दिवा डोळ्यांनी तपासावा, भेग कुठे पडली ते वहीत मांडावे आणि मोठ्यांनी तेवढीच जागा तेव्हाच दुरुस्त करावी. नखाएवढी भेग वेळेवर बुजली, तर सगळा दिवा पुन्हा खरवडण्याची वेळ येत नाही.