हेमाडपंताने न बांधलेली देवळे

सोनई, नेवासे आणि एकूणच मुळा-प्रवरेच्या खोऱ्यात काळ्या दगडाचे जुने देऊळ दिसले, की ते हेमाडपंताने बांधले असे हमखास सांगितले जाते. गावोगावच्या फलकांवर, जत्रांच्या पत्रिकांत आणि वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत ‘हेमाडपंती’ हा शिक्का इतक्या सरसकट मारला जातो, की देवळाचा काळ, शैली आणि बांधविणारा शोधण्याची गरजच कोणाला भासत नाही. हा समज चुकीचा आहे, आणि तो पुनःपुन्हा दुरुस्त होऊनही तसाच टिकून आहे.

हेमाद्री पंडित, म्हणजेच हेमाडपंत, हा देवगिरीच्या यादवांचा मंत्री होता. महादेव यादव (सुमारे १२६१ ते १२७१) आणि त्यानंतर रामचंद्र यादव (१२७१ ते १३११) यांच्या कारकिर्दीत त्याने श्रीकरणाधिप, म्हणजे राज्याच्या दप्तराचा प्रमुख, हे पद सांभाळले. त्याच्या नावावर असलेला ‘चतुर्वर्गचिंतामणी’ हा प्रचंड ग्रंथ व्रते, दाने, तीर्थे अशा धर्मशास्त्रीय विषयांचा आहे, वास्तुशास्त्राचा नाही. त्याने काही देवळांना आश्रय दिला असेल. परंतु एका मंत्र्याच्या हयातीत महाराष्ट्रभरची शेकडो देवळे उभी राहिली असे मानायचे, तर इतिहासातील सनावळ्याच बाजूला ठेवाव्या लागतील. मोडी लिपी आणि बाजरीचे पीकही लोकपरंपरेने याच हेमाडपंताच्या नावावर जमा केले आहे, हे लक्षात घेतले म्हणजे या श्रेयाचे स्वरूप कळते.

ज्यांना याबद्दल शंका असेल त्यांनी ठाणे जिल्ह्यातील अंबरनाथचे शिवमंदिर पाहावे. हेमाडपंती म्हणून सर्रास ओळखल्या जाणाऱ्या या देवळात शके ९८२, म्हणजे इ. स. १०६०, चा शिलालेख आहे आणि तो शिलाहार राजा मुम्मुणी याच्या काळातील आहे. म्हणजेच हेमाद्री मंत्रिपदावर येण्याच्या दोनशे वर्षे आधी, वेगळ्या राजवंशाच्या राज्यात हे देऊळ पूर्णत्वास गेले होते. दुसऱ्या टोकाला नेवाशाचे मोहिनीराजाचे देऊळ आहे. ते अठराव्या शतकात, होळकरांची दिवाणगिरी सांभाळणाऱ्या चंद्रचूड घराण्याने बांधवून घेतले, तरी त्यालाही हेमाडपंतीच म्हटले जाते. दोनशे वर्षे आधीचे आणि पाचशे वर्षे नंतरचे देऊळ ज्या एकाच नावाखाली बसते, ते नाव शैलीही सांगत नाही आणि काळही सांगत नाही.

या घोटाळ्याचे मूळ बांधकामाच्या पद्धतीत आहे. चुना न वापरता घडीव दगड एकमेकांवर बसविले की ते हेमाडपंती, अशी लोकांची समजूत होती, आणि १८८४ च्या अहमदनगर गॅझेटियरसारख्या इंग्रजी राजवटीच्या नोंदींनी तीच समजूत उचलून देवळे, बारवा आणि कुंडांना हे विशेषण लावल्यामुळे तिला छापील प्रतिष्ठा मिळाली. वास्तविक कोरडे बांधकाम ही एक पद्धत आहे, शैली नव्हे. ती हेमाद्रीच्या कितीतरी आधीपासून भारतभर रूढ होती, आणि चुना न वापरण्याचे कारण अज्ञान नसून दगडाचे वजन आणि घडाईतील काटेकोरपणा हे होते. थराचा माथा आणि त्यावर येणाऱ्या थराचा तळ इतका सपाट घडविला जाई, की वरचा भारच खालच्या दगडाला जागेवर धरून ठेवी.

देवळाची शैली ठरते ती तलविन्यासावरून, म्हणजे जमिनीवरील आराखड्यावरून, आणि शिखराच्या रचनेवरून. अकोले तालुक्यातील रतनवाडीचे अमृतेश्वर मंदिर या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. त्याच्या शिखराच्या चारही बाजूंच्या मध्यावरून पायथ्यापासून वरपर्यंत एक कोरीव पट्टा चढत जातो. त्याला लता म्हणतात. दोन लतांमधील जागेत लहान लहान शिखरांच्या आडव्या ओळी एकावर एक रचलेल्या असतात आणि ही लघुशिखरे वर जाताना आकाराने कमी होत जातात, त्यामुळे उंची असते त्याहून अधिक भासते. या ओळींना भूमी म्हणतात आणि अशा शिखराच्या शैलीला भूमिज. धारचा परमार राजा भोज याच्या नावावरील ‘समरांगणसूत्रधार’ या अकराव्या शतकातील ग्रंथात तिचे वर्णन येते. माळवा आणि महाराष्ट्र या दोन्ही प्रदेशांत ही शैली बहरली. सिन्नरचे गोंदेश्वर मंदिर हे तिचे आणखी एक उत्तम उदाहरण होय. रतनवाडीच्या देवळाला केवळ हेमाडपंती म्हणून पुढे निघून जाणाऱ्याला यातले काहीच दिसत नाही, आणि खरे नुकसान हे आहे.

अशा देवळांच्या मंडपात उभे राहून वर पाहिले, तर घडविणाऱ्यांचे गणित उघड्या डोळ्यांनी वाचता येते. चार खांबांवर चार तुळया टाकल्या की चौरस तयार होतो. त्याच्या चारही कोपऱ्यांत तिरप्या शिळा बसविल्या की आत एक लहान, कोनात फिरलेला चौरस उरतो. त्याच्यावर पुन्हा तीच कृती केली की पोकळी आणखी आकसते, आणि शेवटी उरलेले भोक कमळ कोरलेल्या एकाच शिळेने झाकता येते. छताच्या अशा रचनेला वितान म्हणतात. लाकडाच्या लांब वाशांवाचून आणि कमानीवाचून मोठी जागा झाकण्याची ही युक्ती ज्या सूत्रधारांनी, म्हणजे बांधकाम आखणाऱ्या आणि चालविणाऱ्या प्रमुख कारागिरांनी, पिढ्यानपिढ्या सुधारत नेली, त्यांचे श्रेय एका मंत्र्याला देऊन टाकणे हा त्यांच्यावर अन्याय आहे. शिलालेखांत दात्यांची नावे पुष्कळ मिळतात, परंतु दाता म्हणजे बांधणारा नव्हे: नेवाशाच्या प्रसिद्ध पैसच्या खांबावरील लेखसुद्धा करवीरेश्वरापुढील अखंड दिव्याच्या तेलासाठी दिलेल्या दानाचा आहे.

देवळे पांडवांनी एका रात्रीत बांधली, या दुसऱ्या समजुतीला फार जागा देण्याचे कारण नाही. दगड रचून बांधलेल्या देवळांचे भारतातील जुने नमुने, उदाहरणार्थ सांचीचे सतरा क्रमांकाचे मंदिर, गुप्तकाळातील, पाचव्या शतकाच्या आसपासचे आहेत. प्राचीन भारतीयांना कमान ठाऊकच नव्हती, हेही खरे नाही, कारण उत्तर प्रदेशातील भितरगावच्या गुप्तकालीन विटांच्या मंदिरात ती आहे. प्राचीन वास्तू म्हणजे दगडच, असे म्हणणाऱ्यांनी धाराशिव जिल्ह्यातील तेरचे विटांचे त्रिविक्रम मंदिर पाहावे. आणि देवळांपूर्वी या भागात बांधकामच नव्हते असे ज्यांना वाटते, त्यांच्यासाठी प्रवरेच्या काठी दोन स्थळे आहेत: १९५४ ते १९५६ या काळात ह. धी. सांकलिया यांच्या नेतृत्वाखाली डेक्कन कॉलेजने उत्खनन केलेले नेवासे, आणि श्रीरामपूर तालुक्यातील दायमाबाद, जेथे लाकडी खांबांच्या आधाराने उभारलेल्या मातीच्या भिंतींची, साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची घरे उजेडात आली.

या चुकीच्या नावाचा परिणाम केवळ पुस्तकी नाही. सगळीच देवळे एकसारखी मानली गेल्यामुळे जीर्णोद्धाराच्या वेळी कोणता भाग जुना आणि कोणता नंतरचा, याची विचारपूस न करता शिल्पांवर ऑइलपेंटचे थर चढतात, सांध्यांत सिमेंट भरले जाते आणि कोरीव जोत्यावर फरशी बसते. बेसॉल्टच्या कोरड्या सांध्यांत सिमेंट भरले की आत शिरलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाट राहत नाही. म्हणून गावकऱ्यांनी आणि देवस्थानच्या विश्वस्तांनी काम हाती घेण्याआधी राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाचा सल्ला घ्यावा, शिलालेख असेल तर तो रंगवू किंवा घासू नये, आणि फलक नव्याने लिहायचा झाल्यास त्यावर हेमाडपंताचे नाव न घालता देवळाचे शतक, राजवंश आणि शैली यांपैकी जे निश्चित ठाऊक असेल तेवढेच लिहावे.