दाताबरोबरचं कार्ड

दुधाचा दात पडतो तेव्हा मूल सहा-सात वर्षांचं असतं, पण दात त्याहून थोरला असतो. त्याची घडण आईच्या पोटात, चौथ्या महिन्याच्या सुमारास सुरू होते. पटाशीच्या दातांचा वरचा भाग जन्मानंतर काही आठवड्यांतच पुरा होतो, मागच्या दाढांना जवळजवळ वर्ष लागतं. इनॅमलचा थर रोज किंचित चढत जातो आणि एकदा चढला की शरीर त्याला पुन्हा हात लावत नाही. हाड आयुष्यभर झिजत आणि भरत राहतं, इनॅमलचं तसं नाही. जन्माच्या वेळी बाळाला बसणारा ताणही त्यात बारीक रेषेने उमटतो. सूक्ष्मदर्शकाखाली ही रेषा सापडली, की कोणता थर जन्माआधीचा आणि कोणता नंतरचा हे कळतं. त्या काळात आईच्या अन्नातून, पाण्यातून, बाळाच्या दुधातून शिसं, मँगनीज, किरणोत्सारी कण असं जे काही पोटात गेलं, त्याचा अंश झाडाच्या वलयांसारखा त्या त्या थरात राहून जातो.

आपल्याकडे हा दात कौलांवर फेकतात किंवा उंदराच्या बिळात टाकून त्याच्यासारखा बळकट दात मागतात. अमेरिकेतली मुलं तो उशीखाली ठेवतात आणि रात्री परी येऊन त्या जागी नाणं ठेवून जाते. १९५८च्या डिसेंबरात मिझुरी राज्यातल्या सेंट लुइस शहरातल्या आईबापांना एक वेगळी विनंती करण्यात आली: मुलांचे पडलेले दात आम्हाला द्या.

मागणारे होते नागरिकांच्या एका समितीचे लोक. तिथल्या वॉशिंग्टन विद्यापीठातले प्राध्यापक बॅरी कॉमनर, डॉक्टर दांपत्य लुईज आणि एरिक राइस, आणि त्यांच्या जोडीला शहरातल्या दोन विद्यापीठांची दंतमहाविद्यालयं. १९५१ पासून नेवाडाच्या वाळवंटात अमेरिका उघड्यावर अणुबॉम्ब फोडत होती. पॅसिफिकमध्ये आणि सोव्हिएत भूमीवरही स्फोट चालू होते. त्या धुरळ्यात स्ट्रॉन्शियम-९० हा पदार्थ असे. त्याची किरणोत्सारी ताकद निम्मी व्हायला सुमारे २९ वर्षं लागतात. रसायन म्हणून तो कॅल्शियमचा भाऊबंद, त्यामुळे शरीर त्याला कॅल्शियम समजून हाडांत आणि दातांत बसवतं. पावसाबरोबर तो कुरणांत उतरला, गवतातून गाईत, दुधातून मुलांत गेला. देशातल्या ज्या मोजक्या शहरांत सरकार दूध तपासत होतं, त्यांत सेंट लुइसच्या दुधातलं प्रमाण वरचढ निघालं होतं. काळजीचं कारण नाही, असं अणुऊर्जा आयोग सांगत होता. पण मुलांच्या शरीरात खरोखर किती साचलं आहे, याचा आकडा लोकांसमोर नव्हता.

तो काढण्याचा सरकारी मार्गही चालू होता, गुपचूप. ‘प्रोजेक्ट सनशाइन’ नावाच्या मोहिमेत १९५३ पासून जगभरातून मेलेल्या अर्भकांची हाडं जमवली जात होती, बहुतेकदा आईबापांना न विचारता. ही गोष्ट अमेरिकी जनतेपुढे नीट आली ती १९९० च्या दशकात. म्हणजे एकाच प्रश्नाचा शोध एकाच देशात एकाच वेळी दोन रीतींनी चालला होता. एक रीत दुःखात असलेल्या आईला न सांगता तिच्या बाळाचं हाड उचलणारी, दुसरी आईला सगळं समजावून, मुलाने आपणहून दिलेला दात घेणारी. दोन्हींतून आकडे मिळाले. पण आज सत्तरीच्या उंबरठ्यावर असलेल्या माणसांना पुन्हा गाठून त्यांच्या तब्येतीची विचारपूस करता येते, ती फक्त दुसऱ्या रीतीने दिलेल्या दातांच्या मालकांची.

दुधाच्या दातांची आंतरराष्ट्रीय गणना करावी, हा विचार मूळचे डेन्मार्कचे जीवरसायनशास्त्रज्ञ हर्मन काल्कर यांनी १९५८च्या ऑगस्टमध्ये ‘नेचर’मधून मांडला होता. सेंट लुइसने तो उचलला. लक्ष्य होतं वर्षाला पन्नास हजार दातांचं. शाळा, चर्च, ग्रंथालयं, डेंटिस्टचे दवाखाने, सगळीकडे फॉर्म पोचले. दात पाठवणाऱ्या मुलाला एक बिल्ला मिळे: पुढचा दात पडलेला हसरा मुलगा, आणि ‘मी माझा दात विज्ञानाला दिला’ अशी अक्षरं. या बिल्ल्याचं मोल कमी लेखू नये. परीचं नाणं सोडायचं तर मुलाच्या हाताला दुसरं काहीतरी लागणारच होतं.

मला या साऱ्यात सर्वांत जास्त आदर वाटतो तो दाताबरोबर भरून घेतलेल्या कार्डाबद्दल. मुलाची जन्मतारीख, गरोदरपणी आई कुठे राहत होती, पहिल्या वर्षात बाळ कुठे होतं, अंगावर पीत होतं की बाटलीने, आणि किती महिने. दात आला की स्वयंसेवक बाया त्याचा प्रकार ओळखत, किडलेला की धड ते पाहत, क्रमांक घालत, कार्ड लावत. कंटाळवाणं काम, वर्षानुवर्षं चाललेलं. स्ट्रॉन्शियमचं प्रमाण इतकं सूक्ष्म की एका दातात ते मोजता येत नसे. एकाच काळात जन्मलेल्या, एकाच प्रकारे दूध प्यायलेल्या मुलांचे सारख्या प्रकारचे कितीतरी दात एकत्र कुटून एक मोजमाप निघे. ही वर्गवारी करायची तर कार्डावरची प्रत्येक ओळ बिनचूक हवी. नावगाव नसलेला दात हा नुसता कॅल्शियमचा खडा.

लुईज राइस यांचा पहिला निबंध २४ नोव्हेंबर १९६१ च्या ‘सायन्स’मध्ये आला. १९५० च्या दशकात मुलं जसजशी उशिरा जन्मली तसतसं दातांतलं स्ट्रॉन्शियम वाढत गेलं होतं. बाटलीने दूध प्यायलेल्यांत ते जास्त होतं, कारण आईचं शरीर स्ट्रॉन्शियम बरंचसं गाळून मग दूध देतं. पुढे १९६३ साली जन्मलेल्या मुलांच्या दातांत १९५० च्या मुलांच्या तुलनेत सुमारे पन्नास पट स्ट्रॉन्शियम सापडलं. पण ते दात पडण्याच्या कितीतरी आधी, १९६३ च्या उन्हाळ्यातच, एरिक राइस यांनी सिनेटच्या समितीपुढे तोवरचे निष्कर्ष ठेवले. ५ ऑगस्टला मॉस्कोत अंशतः अणुचाचणीबंदीच्या करारावर सह्या झाल्या, आणि उघड्यावरच्या चाचण्या अमेरिका, ब्रिटन आणि सोव्हिएत संघ यांनी थांबवल्या. दातांनी करार घडवला असं अनेकदा लिहिलं जातं, ते मला अतिशयोक्त वाटतं. क्युबाच्या पेचप्रसंगाने दोन्ही बाजूंना हादरवलं होतं, रसायनशास्त्रज्ञ लायनस पॉलिंग यांच्या चाचणीबंदीच्या अर्जावर हजारो शास्त्रज्ञांनी आधीच सह्या केल्या होत्या. पण किरणोत्सार हा दूरच्या वाळवंटातला विषय राहिला नव्हता, तो स्वतःच्या मुलाच्या तोंडातला झाला होता. हे काम दातांनी नक्की केलं. करारानंतर जन्मलेल्या मुलांत प्रमाण उतरत गेलं, आणि तेही दातांनीच दाखवलं.

१९७० साली सर्वेक्षण बंद झालं तोवर सुमारे तीन लाख वीस हजार दात जमले होते. वापरून उरलेल्यांची आठवण हळूहळू पुसली गेली. २००१ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठाच्या टायसन संशोधन केंद्रातल्या, दुसऱ्या महायुद्धात दारूगोळ्यासाठी बांधलेल्या एका कोठारात सुमारे ८५ हजार दात मिळाले, कार्डांसकट. इथून सेंट लुइसच्या दातांचं दुसरं आयुष्य सुरू झालं. दात ज्या संस्थेकडे गेले, तिने कर्करोगाने गेलेल्या आणि निरोगी असलेल्या दात्यांची तुलना करून २०११ मध्ये पहिल्या गटात स्ट्रॉन्शियम जास्त असल्याचं मांडलं. त्या अभ्यासातली माणसं फार थोडी होती. एवढ्यावर कारण आणि परिणाम जोडणं घाईचं ठरेल. मला अधिक आशा आहे ती हार्वर्डच्या सार्वजनिक आरोग्य विद्याशाखेत मार्क वाइसकॉफ यांनी हाती घेतलेल्या कामाची. ते दात्यांना शोधून काढतात, त्यांची स्मरणशक्ती आणि प्रकृती तपासतात, आणि त्यांच्याच बालपणीच्या दातात कोणत्या थरात शिसं किंवा दुसरे धातू किती आहेत ते पाहतात. आज लेझरने दाताचा एकेक बिंदू उडवून त्यातली मूलद्रव्यं मोजता येतात, दात कुटावा लागत नाही. १९५८ मध्ये ज्या मातेने कार्ड भरलं तिने हा प्रश्न स्वप्नातही आणला नसेल. जैवपेढीचं, म्हणजे बायोबँकेचं, खरं सामर्थ्य इथे दिसतं: नमुना एका प्रश्नासाठी देतात, आणि नीट राखला तर तो दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर देतो.

शिशाची गोष्ट तर दातांशिवाय पुढे सरकलीच नसती. रक्तातलं शिसं काही आठवड्यांत उतरतं. दातात ते टिकतं. बालरोगतज्ज्ञ हर्बर्ट नीडलमन यांनी बॉस्टनजवळच्या चेल्सी आणि समरव्हिल इथल्या शाळकरी मुलांचे दुधाचे दात जमवले आणि १९७९ मध्ये दाखवून दिलं, की दातात शिसं जास्त असलेली, पण वरकरणी ठणठणीत मुलं बुद्धीच्या चाचण्यांत मागे पडतात. शिसं उद्योगाच्या बाजूने बोलणाऱ्या तज्ज्ञांनी त्यांच्यावर वैज्ञानिक गैरवर्तनाचे आरोप केले. चौकशीअंती ते निर्दोष ठरले. पेट्रोलमधून शिसं हटवण्याच्या लढाईत हा पुरावा मोलाचा होता. भारतात सर्वत्र शिसंमुक्त पेट्रोल यायला १ फेब्रुवारी २००० उजाडली.

नंतरच्या जैवपेढ्या योजून उभारलेल्या आहेत. नॉर्वेने १९९९ पासून एक लाखाहून अधिक मुलांचा, त्यांच्या आईवडिलांचा मागोवा घेणारा ‘मोबा’ अभ्यास उभा केला. त्याच मुलांचे पडलेले दात बर्गेन विद्यापीठाने मागवून साठवले. त्यामुळे आईचं गरोदरपणातलं रक्त, तिने भरलेल्या प्रश्नावल्या आणि मुलाचा दात एका धाग्यात आले. ब्रिटनच्या ‘यूके बायोबँके’त २००६ ते २०१० या काळात पाच लाख माणसांनी रक्त, लघवी दिली, तोंडाबद्दल मात्र पडद्यावर काही प्रश्न विचारले गेले: हिरड्यांतून रक्त येतं का, दात हलतात का, कवळी आहे का. आरसा धरून कोणी तोंडात पाहिलं नाही. तरी या एवढ्या उत्तरांना दुसरीकडच्या दंततपासण्यांची जोड देऊन २०१९ मध्ये दातांच्या किडीशी संबंध असलेल्या ४७ नव्या जनुकीय जागा हाती लागल्या. मोठ्या जैवपेढ्यांनी तोंडाला नेहमी सावत्रपणे वागवलं आहे, आणि ते सोडून द्यायला हवं. रक्त काढायला सुई लागते, लाळ तर माणूस स्वतः थुंकून देतो.

अर्थात ओल्या नमुन्यांचं राखणं दातासारखं सोपं नाही. दात डबीत वर्षानुवर्षं राहतो. लाळेतली विकरं मात्र बाहेर पडल्या क्षणापासून प्रथिनं तोडू लागतात, म्हणून ती बर्फावर घ्यायची आणि लवकरात लवकर उणे ८० अंशांच्या फ्रीझरमध्ये ठेवायची. देण्याआधी खाल्लं का, दात घासले का, किती वाजले, हे लिहून ठेवायचं, कारण त्याने लाळ बदलते. तोंडात सातशेहून अधिक जातींचे सूक्ष्मजीव नांदतात. हिरडीच्या खोल खाचेतल्या कितीतरी जातींना हवाच सोसत नाही. कर्करोगाच्या गाठीचा तुकडा शस्त्रक्रियेनंतर शक्य तितक्या लवकर द्रव नायट्रोजनमध्ये गोठवतात, नाहीतर आतला आरएनए तुटत जातो.

ही शिस्त मुंबईने शिकलेली आहे. टाटा स्मारक रुग्णालयात गाठींच्या ऊतींचा संग्रह आहे, खारघरला त्याचंच संशोधन केंद्र ‘अॅक्ट्रेक’ आहे. गाल आणि हिरडी यांच्या बेचक्यात, जिथे माणसं तंबाखूचा बार धरतात, तिथला कर्करोग हा भारताचा मोठा रोग. जगभरच्या कर्करोगांचे जनुकीय नकाशे काढण्याच्या आंतरराष्ट्रीय प्रकल्पात भारताने हाच कर्करोग निवडला. अॅक्ट्रेक आणि पश्चिम बंगालमधल्या कल्याणी इथली जैववैद्यकीय जनुकशास्त्राची राष्ट्रीय संस्था यांनी प्रत्येक रुग्णाची गाठ आणि त्याचंच रक्त शेजारी ठेवून वाचलं. २०१३ च्या निबंधात अशा ११० रुग्णांचे नमुने होते, आणि त्यांत आधी ठाऊक असलेल्या जनुकांबरोबर या जागेच्या कर्करोगात वारंवार बिघडणारी पाच नवी जनुकं सापडली. परदेशातल्या, बहुतांशी सिगारेट आणि दारूतून आलेल्या गाठींवर ही उत्तरं मिळाली नसती.

गाठ होण्याआधीच्या तोंडाचं काय? महाराष्ट्रातल्या दंतमहाविद्यालयांत रोज असंख्य दात उपटले जातात. काही बरणीत जाऊन विद्यार्थ्यांच्या सरावाला लागतात, बाकीचे पिवळ्या पिशवीतून जाळायला. कोणाचा, कुठला, कधी जन्मलेल्याचा, काही लिहिलेलं नसतं. त्यातल्या प्रत्येक दाताबरोबर पाच ओळींचं कार्ड असतं तर! यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडच्या भूजलात फ्लोराइड आहे. तिथल्या मुलांच्या दातांवरचे पांढरे-पिवळट डाग म्हणजे पहिल्या वर्षांत प्यालेल्या पाण्याची नोंद. सेंट लुइसने दूध विचारलं, इथे विचारायचं ते पाणी: विहिरीचं, बोअरचं की नळाचं, आणि मूल किती वर्षांचं होईपर्यंत. मोठ्यांच्या कार्डावर मशेरी, खर्रा, गुटखा हे शब्द याच नावांनी हवेत. नुसतं ‘तंबाखू’ म्हटलं तर सकाळी मशेरीने दात घासणारी बाई ‘नाही’ असं उत्तर देईल.

आणि संमतीपत्र मराठीत, वाचून दाखवून. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या नीतिनियमांत जैवपेढ्यांसाठी स्वतंत्र प्रकरण आहे. दात्याला नमुना पुढे कशासाठी वापरू द्यायचा हे ठरवता येतं, दिलेली संमती मागे घेता येते, आणि आईबापांनी मुलाचा नमुना दिला असेल तर मूल सज्ञान झाल्यावर त्यालाच नव्याने विचारायचं असतं. म्हणजे आज सात वर्षांच्या मुलीचा दात ठेवून घेणाऱ्या संस्थेला अकरा वर्षांनी तिचा पत्ता माहीत असायला हवा. तो टिपून ठेवणारा, दरवर्षी पडताळणारा एक कारकून आणि त्याचा पगार, ही तरतूद फ्रीझर विकत घेण्याच्या आधी व्हायला हवी.