देशाचा समुद्राकडील दरवाजा : चौल-रेवदंडा

धाराशिव जिल्ह्यांतील भूम तालुक्यांत ईट हें गांव आहे. तेथून समुद्र पुष्कळ दूर. मध्यें भीमेचें खोरें व सह्याद्रीची रांग. अशा गांवाच्या इतिहासाशीं कोंकणांतील बंदराचा संबंध काय, असा प्रश्न वाचकांच्या मनांत येणें स्वाभाविक आहे. आमच्या मतें तो संबंध निकटचा असून, चौल-रेवदंड्याच्या वाटेनें पायीं फिरल्यास तो प्रत्यक्ष दिसूं लागतो.

प्रथम देशावरील पुरावा पाहूं. ईट ज्या जिल्ह्यांत आहे त्याच जिल्ह्यांतील तेर म्हणजे प्राचीन तगर होय. इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथांत तगराचें कापड गाड्यांतून भडोचच्या बंदरास जात असल्याचें नमूद आहे. त्याच ग्रंथांत कल्याणच्या पुढें ‘सेमुल्ल’ बंदराचें नांव येतें. विद्वान् तें चौल मानतात. पुढें पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धांत रशियन प्रवासी अफनासी निकितिन विक्रीचा घोडा घेऊन चौलास उतरला व पाली, जुन्नर या मार्गानें बेदरास गेला. बहामनी राज्य मोडल्यावर चौल अहमदनगरच्या निजामशाहीकडे आलें. भूमला लागून असलेल्या परांडे तालुक्यांतील प्रसिद्ध किल्लाहि त्याच निजामशाहीचा. सारांश, परांड्याचा धनी तोच चौलचा धनी होता.

आतां स्थलदर्शनाकडे वळूं. अलिबागेहून दक्षिणेस निघालें म्हणजे प्रथम चौल लागतें. नारळी-पोफळींच्या दाट वाड्यांतून वाट जाते. रामेश्वराचें देऊळ व त्यापुढील पुष्करिणी पाहावी. जवळच्या डोंगरांत हिंगळाजदेवीचें स्थान व बौद्ध लेणीं आहेत. अरब प्रवासी मसूदी यानें दहाव्या शतकाच्या आरंभीं शिलाहारांच्या अमलांत पाहिलेलें ‘सैमूर’ तें हेंच. तेथें मुसलमान व्यापाऱ्यांची मोठी वस्ती असल्याचें तो लिहितो.

पुढें रस्ता तट ओलांडून रेवदंड्यांत शिरतो. हें पोर्तुगीजांचें चौल. १५२१ सालीं बुऱ्हाण निजामशहानें त्यांना येथें कोट बांधूं दिला. तटाच्या आंत आजहि लोकवस्ती आहे; वाड्यांच्या मधून पडक्या चर्चांच्या भिंती व सातखणी मनोरा वर आलेला दिसतो. किनाऱ्यावर उतरलें म्हणजे एका बाजूस तट, दुसऱ्या बाजूस समुद्र आणि दक्षिणेस कुंडलिकेच्या खाडीपलीकडे कोर्लईचा डोंगर असें रम्य दृश्य दिसतें. १५०८ सालीं याच पाण्यांत इजिप्तच्या आरमाराशीं झालेल्या लढाईंत पोर्तुगीज व्हाइसरॉयचा पुत्र लोरेंसो द आल्मैदा पडला. १५७०-७१ मध्यें मूर्तजा निजामशहानें या कोटास वेढा घातला, परंतु तो निष्फळ ठरला. १५९४ सालीं कोर्लईहि पोर्तुगीजांनीं घेतली. कोर्लई गांवांतील ख्रिस्ती वस्तींत पोर्तुगीजमिश्रित बोली अद्यापि ऐकूं येते.

येथें एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. कोट पोर्तुगीजांच्या हातीं राहिला, परंतु बंदराचें पोषण घाटावरून उतरणाऱ्या मालावर होत होतें. १६३६ सालीं निजामशाही संपली. घाटावरील ज्या राज्याचें हें बंदर तें राज्यच राहिलें नाहीं. सुरत व मुंबई यांचा व्यापार वाढत गेला. १७४० सालीं चौल मराठ्यांकडे आलें तेव्हां त्याचें पूर्वीचें वैभव उरलें नव्हतें. बंदर केवळ खाडीच्या खोलीवर जगत नाहीं; त्याच्या पाठीमागचा मुलूख त्याला जगवितो, हाच येथील बोध होय.

म्हणून चौलचा इतिहास रेवदंड्याच्या तटापाशीं संपवूं नये. भूम, परांडे या बाजूच्या जुन्या घराण्यांच्या दप्तरांत कोंकणांतून आलेल्या मालाच्या, जकातीच्या वा बैलांच्या तांड्यांच्या नोंदी असल्यास त्या कसरीच्या भक्ष्यस्थानीं पडण्यापूर्वीं प्रकाशांत याव्या, अशी आमची त्या भागांतील इतिहासप्रेमी मंडळींस विनंति आहे. तसें झाल्यास ईटसारख्या गांवाचा समुद्राशीं असलेला संबंध अनुमानावर न राहतां कागदाच्या आधारानें सांगतां येईल.